कागदी वायजी : पाताळपाणी घाटातलं वाफेचं इंजिन कागदावर उतरवायचंय (डिझाइन चर्चा)

मीटरगेजवाला, इंदूर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत होतं ते शेवटी सुरू केलंय म्हणून धागा काढतोय. आपल्या महू-खंडवा लाइनवर पाताळपाणी-कालाकुंडचा घाट चढणारं वायजी इंजिन, त्याचं पूर्ण कागदी मॉडेल डिझाइन करतोय. म्हणजे कोणाची तरी तयार पानं कापून चिकटवायची असं नाही, पानंच आपण काढायची, आणि अशी काढायची की कोणीही ए-फोरवर प्रिंट काढून घरी बनवू शकेल. नेटवर शोधलं तर युरोपातली, अमेरिकेतली, जपानची इंजिनं ढिगाने मिळतात, पोलंडवाले तर १:२५ मध्ये एकेक रिव्हेट दाखवणारी मॉडेलं छापतात, पण आपल्या मीटरगेजचं मनासारखं काही सापडलं नाही. घाटात २०१८ पासून हेरिटेज गाडी चालते ती डिझेलवर, त्यामुळे आजच्या पोरांनी तिथे वाफेचं इंजिन बघितलेलंच नाही. निदान टेबलावर तरी दिसावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : वाय म्हणजे मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर), जी म्हणजे गुड्स, मालगाडीचं. पुढे दोन लहान चाकं, मग आठ मोठी, मागे परत दोन, म्हणजे २-८-२. १९४९ पासून १९७२ पर्यंत हजाराच्या वर बनली, शेवटची चित्तरंजनला. हिची पॅसेंजरवाली बहीण वायपी, ४-६-२. दोघींचा बॉयलर एकच, फरक मुख्यतः खाली आहे : वायजीचं मोठं चाक १२१९ मिमी, वायपीचं १३७२. लहान चाक म्हणजे ओढायला ताकद जास्त, पळायला कमी. हे डिझाइनच्या दृष्टीने फार कामाचं आहे कारण बॉयलरची पानं एकदा नीट जमली की पुढे वायपीला तीच लागतील.

स्केल १:५० धरलंय. गेज बरोब्बर २० मिमी येतो, मोठं चाक २४.४ मिमी, टेंडरसकट (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) सगळं मिळून साधारण सव्वा फूट. १:८७ केलं तर चाकाचे आरे ब्लेडने कापणं मुश्कील, १:२५ केलं तर टेबल पुरणार नाही.

आता मुद्दा. बहुतेक जण बॉयलरपासून सुरुवात करतात कारण तो मोठा, गोल, लगेच इंजिनासारखा दिसायला लागतो. माझं ठाम मत उलटं आहे. आधी फ्रेम, मग चाकं, मग त्यांना जोडणारे रॉड, आणि हे सगळं सरळ फिरतंय हे बघितल्यावर वरचा संसार. वाफेच्या इंजिनाचा सगळा जीव रनिंग बोर्डच्या (चाकांवरची लांब आडवी पट्टी) खाली असतो, वरचं नळकांडं कोणीही करेल. बोला.


कात्रीफेविकॉल, वडोदरा

मस्त विषय! पण बॉयलरच्या बाबतीत मी सहमत नाही, दादा. पहिल्यांदा करणारा माणूस आठ चाकांचे आरे कापत बसला तर तिथेच कंटाळून सोडून देतो, माझ्या क्लासमधल्या मुलांचं हे नेहमी बघते. बॉयलर आधी झाला की समोर काहीतरी उभं राहतं, हुरूप येतो.

आणि "नळकांडं कोणीही करेल" हे तर अजिबात नाही हां. कागदाची जाडी धरली नाही तर बॉयलरच सगळ्यात आधी दगा देतो. समजा बाहेरून ३२ मिमी व्यासाचा बॉयलर हवाय आणि कागद १६० जीएसएमचा, म्हणजे साधारण ०.२ मिमी. दोन थर गुंडाळायचे तर बाहेरच्या थराची पट्टी आतल्यापेक्षा सव्वा मिमी लांब लागते. आतल्या चकत्या ३२ च्या नाही, ३१.२ च्या. हे सव्वा मिमी विसरलं की बाहेरचा कागद टोकाला टोक भेटतच नाही, मग लोक ओढून चिकटवतात आणि मधे फुगवटा येतो.

दुसरं म्हणजे कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा. ए-फोर कार्डशीटचा धागा बहुतेक वेळा लांबीच्या बाजूने असतो. बॉयलरची लांबी त्याच दिशेने ठेवायची, मग कागद स्वतःहून गोल वळतो. आडवा ठेवला तर सुरकुत्या आणि कोन पडतात. खात्री करायची तर शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघ, सहज वाकतं तेव्हा वाकण्याची रेघ ज्या दिशेने असते तो धागा. आणि डिझायनरने हे पानावर बाणाने दाखवलंच पाहिजे, कोणी दाखवत नाही.

जोड खाली ठेव, आणि कान (चिकटवायला ठेवलेली जादा कड) लावू नकोस, आतून पट्टी लावून टोकाला टोक भिडव.


महूचे_अप्पा, महू

वाचून आनंद झाला. आमचं घर लाइनजवळच, लहानपणापासून ही इंजिनं बघितली आणि ऐकली. कालाकुंडकडून गाडी वर यायची तेव्हा पुढे एक इंजिन, मागून ढकलायला दुसरं, पुढच्याने शिटी दिली की मागच्याने उत्तर द्यायचं आणि मग दोघं एकदम जोर लावायची. चढ ४० ला १. पावसाळ्यात रुळावर ओला पाला पडलेला असायचा, चाकं जागच्या जागी फिरायची, मग वाळू सोडायची. तेव्हा बाळा, वाळूचे पाइप विसरू नकोस. चाकाच्या जवळ रुळापर्यंत उतरणारे ते बारीक पाइप लोक फालतू समजून गाळतात. घाटातल्या इंजिनाला ते नसतील तर ते घाटातलं नाहीच.

अजून एक. पुढे बफर (धक्का झेलणारा दट्ट्या) एकच, मधोमध. मीटरगेजला ब्रॉडगेजसारखे दोन बाजूला दोन बफर नसतात. बाजारात शोभेची इंजिनं मिळतात त्यावर दोन दोन लावलेले असतात आणि खाली लिहिलेलं असतं मीटरगेज.

पाताळपाणीला टंट्या मामाचं (क्रांतिकारक टंट्या भिल्ल) स्थान आहे, तिथे गाडी थांबून शिटी देऊन निघायची. आणि कालाकुंडला पानात बांधलेला कलाकंद. हे मॉडेलमध्ये येणार नाही पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.


मीटरगेजवाला, इंदूर

अप्पा, वाळूचे पाइप नक्की. ०.५ ची तांब्याची तार वापरायचा विचार होता पण मॉडेल शुद्ध कागदी म्हटलंय तर दोरा फेविकॉलमध्ये भिजवून ताठ करून लावेन. बफर तर मधलाच.

ताई, जाडीचं आणि धाग्याचं तुम्ही लिहिलंय ते जसंच्या तसं पहिल्या पानावर सूचनांमध्ये घालतो. पण क्रमाबद्दल माझं म्हणणं सांगतो. प्रत्येक बाजूची चारही मोठी चाकं एका रॉडने बांधलेली आहेत. फ्रेममधल्या धुरांच्या भोकांमधलं अंतर आणि रॉडमधल्या भोकांमधलं अंतर यात अर्ध्या मिमीचा फरक पडला तरी चाकं अडकतात. म्हणून ड्रॉइंगमध्ये मी दोन्ही भोकं एकाच रेषेवरून उचलतोय, वेगवेगळी मोजत नाहीये. धुरेला अगरबत्तीची काडी, रॉडचं भोक पिनेपेक्षा जरासं सैल. हे सगळं बॉयलर बसवल्यावर दुरुस्त करता येत नाही कारण हातच आत जात नाही. आधी चाकं फिरवून बघायची, मगच पुढचं पान कापायचं.

आणि अजून एक गोष्ट जी मला कागदी मॉडेलांमध्ये सतत खटकते. डाव्या बाजूची चाकं म्हणजे उजवीकडची आरशातली कॉपी. खऱ्या इंजिनात तसं नसतं. डावा क्रँक (चाकावर रॉडची पिन असते तो भाग) आणि उजवा क्रँक एकमेकांशी ९० अंशात असतात. कारण सरळ आहे, पिस्टन टोकाला पोचला की त्या क्षणी तो चाक फिरवू शकत नाही, वाफ कितीही दाबली तरी. दोन्ही बाजू एकाच वेळी टोकाला पोचल्या तर इंजिन उभं राहिलं ते राहिलं. एक बाजू टोकाला असताना दुसरी मधोमध, पूर्ण जोरात, म्हणून ते कुठूनही निघू शकतं. मॉडेलमध्ये हे दाखवायला एक रुपया जास्त लागत नाही, फक्त डावी चाकं धुरेवर पाव फेरा फिरवून चिकटवायची. मी धुरेच्या टोकाला बारीक खूण छापणार आहे म्हणजे चुकायला जागाच नाही.

चाकाचा तोल साधणारे वजनाचे तुकडे पण प्रत्येक चाकावर सारखे नाहीत. पिस्टनकडून येणारा मोठा कनेक्टिंग रॉड तिसऱ्या मोठ्या चाकाला लागतो, त्या चाकावरचा वजनाचा तुकडा सगळ्यात मोठा. चाक एक मिमी पुठ्ठ्याचे तीन थर, वहीच्या मागचा पुठ्ठा चालतो, आरे कापून झाले की कडांना फेविक्विक पाजायचं म्हणजे तंतू सुटत नाहीत. पुठ्ठा खजूरी बाजारातून आणलाय.


महूचे_अप्पा, महू

९० अंशाचं बोललास म्हणून सांगतो, तेच कानाला ऐकू यायचं. दोन सिलिंडर, प्रत्येकात वाफ दोन्ही बाजूंनी, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार भक. तुझ्या १२१९ च्या चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण ३.८ मीटर. घाटात गाडी इतकी हळू असायची की चारही वेगवेगळे मोजता यायचे. सपाटीवर आली की ते एकमेकांत मिसळून जायचे. आमचे वडील अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून सांगायचे की गाडी आता घाट संपवून वर आली.


ब्लेंडर_बंटी, इंदूर

भिया मी कॉलेजला आहे, थ्रीडी येतं मला. एवढं हाताने कशाला काढताय, ब्लेंडरमध्ये मॉडेल करा आणि पेपर मॉडेलचं अ‍ॅड-ऑन लावा नाहीतर पेपाकुरात टाका, एका क्लिकमध्ये सगळं उलगडून पानं तयार. मी करून देऊ का?


मीटरगेजवाला, इंदूर

बंटी नक्की ये, कॅब (ड्रायव्हरची खोली) आणि टेंडरसाठी तुझी मदत हवीच आहे, तिथे सगळे सपाट पत्रे आहेत आणि सॉफ्टवेअर ते उत्तम उलगडतं. पण गोल भागांना तसं करू नकोस. ब्लेंडरमधलं सिलिंडर म्हणजे ३२ किंवा ६४ चपट्या पट्ट्या, उलगडलं की प्रत्येक पट्टीवर घडीची रेघ येते, आणि नवखा माणूस बिचारा त्या सगळ्या घड्या घालतो. बॉयलरला एकही घडी नको, तो साधा आयत आहे, व्यास गुणिले पाय, झालं. बॉयलरवरच्या घुमटाचं तर सॉफ्टवेअर शेकडो त्रिकोण करून टाकतं. कागद एका दिशेला वळतो, दोन दिशांना नाही वळत, म्हणून घुमटाच्या डोक्याला पाकळ्या कराव्या लागतात नाहीतर चकत्या एकावर एक लावून घासाव्या लागतात. कुठे पाकळ्या, कुठे चकत्या हे माणसाने ठरवायचं.

सरांना विचारायचं होतं : धुराडं बॉयलरवर बसतं तिथली खालची कड कशी काढायची? अंदाजाने कापली तर फट राहते.


भूमितीवाले_सर, इंदूर

हे दोन नळकांड्यांचं छेदन आहे आणि हाताने दोन मिनिटांत निघतं. बॉयलरची त्रिज्या १६ धरू, धुराड्याची ५. धुराड्याची पट्टी ३१.४ मिमी लांब. तिचे आठ सारखे भाग कर. सुरुवात धुराड्याच्या पुढच्या बिंदूपासून. पुढे आणि मागे बॉयलरचा माथा आहे, तिथे कड सगळ्यात वर. डावीकडे उजवीकडे बॉयलर उतरतो, तिथे कड खाली जायला हवी. किती खाली? १६ वजा, (१६ चा वर्ग वजा ५ चा वर्ग) याचं वर्गमूळ. येतं ०.८ मिमी. ४५ अंशावर ०.४. म्हणजे नऊ बिंदूंवर क्रमाने ०, ०.४, ०.८, ०.४, ०, ०.४, ०.८, ०.४, ०. हे बिंदू खुणावून हलक्या हाताने जोड, दोन लाटांची कड मिळेल. जोड मागच्या बाजूला हवा असेल तर सुरुवात मागच्या बिंदूपासून धर, आकडे तेच राहतात.

०.८ म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पूर्ण काळ्या इंजिनावर धुराड्याच्या बुडाशी पांढरी फट लगेच दिसते. आणि घुमट मोठा असतो. त्याची त्रिज्या ८ धरली तर तोच फरक २.१ मिमी होतो, तिथे अंदाज चालणारच नाही. मी नववीच्या मुलांना π शिकवताना हेच करून घेतो, कागद गुंडाळायचा, वाकडा कापायचा, उलगडून बघायचा. कडेला लाट उमटलेली बघून वर्ग गप्प होतो. तू पानं काढलीस की मला दे, शाळेत करून घेईन.


कात्रीफेविकॉल, वडोदरा

सर, ही आठ बिंदूंची युक्ती मी चोरणार!

बरं क्रमाबद्दल, मीटरगेजवाला दादाचं चाकं फिरवून बघायचं कारण मला पटलं. पण मग असं कर ना, फ्रेम आणि चाकं हे पहिलं पान, आणि ज्यांना चाकं फिरायला नकोत, नुसतं शोकेसमध्ये ठेवायचंय, त्यांच्यासाठी आरे छापलेली सपाट चाकं वेगळ्या पानावर. आमच्या क्लासची आठ-नऊ वर्षांची मुलं तेच करतील. नाहीतर मॉडेल फक्त मोठ्यांचं होऊन बसेल.

आता काळ्या रंगाचं. पूर्ण काळं छापू नकोस. शंभर टक्के काळ्यावर रिव्हेट, पत्र्याचे जोड, काहीच दिसत नाही. गडद राखाडी घे, ७५-८० टक्के, आणि रेघा त्यावर पूर्ण काळ्या. लेझर प्रिंट असेल तर घडीवर टोनर उडतो आणि पांढरी रेघ दिसते, म्हणून आधी रिकाम्या रिफिलने घडी दाबून घ्यायची, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला चिकटवायच्या आधी काळी पेन्सिल किंवा मार्कर फिरवायचा. चिकटवल्यानंतर फिरवला तर रंग फेविकॉलवर धरत नाही. बफर बीम (बफर लागतो ती आडवी पट्टी) लाल, बस, तेवढाच रंग. ते लाल फार उठून दिसतं.


गोपाचलकर, ग्वाल्हेर

आमच्याकडे या कधी. शिंद्यांच्या जयविलास पॅलेसमध्ये जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे, तिच्यासाठी लोक येतात, पण माझ्या मते खरी बघण्यासारखी होती ती ग्वाल्हेर ते श्योपुर कलाँ दोन फुटी गेजची गाडी. २०२० साली बंद झाली. तिचं इंजिन याच पद्धतीने करता येईल का? १:५० मध्ये गेज १२ मिमी येतो.


मीटरगेजवाला, इंदूर

करता येईल, पण दोन फुटीसाठी मी १:२५ घेईन, म्हणजे गेज २४ च्या वर जातो आणि चाकं हाताळण्यासारखी होतात. लहान इंजिनाला मोठं स्केल. वायजी झालं की त्याचा वेगळा धागा काढू, ग्वाल्हेरकरांनी फोटो जमवायला लागा आत्तापासून. बाजूने काढलेले फोटो हवेत, चाकांच्या उंचीवर कॅमेरा ठेवून, लांबून झूम करून, जवळून काढले की पुढचा भाग मोठा आणि मागचा लहान येतो आणि मापं फसतात.


ब्लेंडर_बंटी, इंदूर

भिया कॅबचं सुरू केलंय. एक डाउट : चाकांच्या वर ते एवढे सगळे दांडे आहेत, एक वाकडा, एक उभा, एक मधेच लटकतोय, ते सगळे करायचे का? मला त्यातलं एक पण समजत नाहीये.


मीटरगेजवाला, इंदूर

समजून घे, मग करायला मजा येते. ते वॉलशर्ट व्हॉल्व गिअर, सिलिंडरमधली वाफ सोडणारा व्हॉल्व हलवणारी यंत्रणा. मुख्य पिनेवर एक छोटी वाकडी क्रँक असते, रिटर्न क्रँक. ती एका दांड्याने वर तो वक्र तुकडा हलवते, ती एक्स्पान्शन लिंक. लिंकमधून पुढे जातो तो रेडियस रॉड, तो सिलिंडरच्या वरच्या व्हॉल्वला पुढे-मागे करतो म्हणजे वाफ कधी कुठल्या बाजूला सोडायची ते ठरतं. आणि पुढे क्रॉसहेडजवळ (पिस्टनचा दांडा आणि कनेक्टिंग रॉड जिथे जोडतात) उभा लटकतोय तो कॉम्बिनेशन लिव्हर, तो पिस्टनची चाल त्यात मिसळतो. सगळे करायचे. दोन थर कार्डशीट एकत्र चिकटवून कापायचे, जाड पुठ्ठ्याचे केले तर लाकडी वाटतात, खरे दांडे बाजूने पातळ दिसतात.

आणि इथे एक निर्णय आहे. रेडियस रॉड लिंकच्या बरोब्बर मधोमध ठेवला तर त्याचा अर्थ इंजिन न्यूट्रलमध्ये उभं आहे. पुढे जाताना तो बहुतेक इंजिनांत लिंकच्या खालच्या अर्ध्यात असतो, चढावर अगदी खाली. आपलं इंजिन घाट चढतंय, तर रॉड मागच्या टोकाला खाली झुकलेला हवा. बघणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना कळणार नाही. पण अप्पांना कळेल.


महूचे_अप्पा, महू

कळेल. ड्रायव्हर लिव्हर पूर्ण पुढे टाकून घाटाला लागायचा.

माझी एक सूचना. इंजिन सपाट फळीवर ठेवू नका. ४० ला १ म्हणजे ४० सेंटीमीटरच्या फळीला एका टोकाखाली १ सेंटीमीटरचा ठोकळा. तुझं इंजिन त्यात मावतंय. एवढासा चढ डोळ्याला दिसतो का बघ, क्वचितच दिसतो, पण आख्खी गाडी यावर ओढायची म्हटलं की दोन इंजिनं लागायची. आणि ही लाइन होळकरांच्या पैशाने झाली हे पण फळीवर लिही, तुकोजीराव महाराज दुसरे यांनी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, साडेचार टक्क्याने, १०१ वर्षांसाठी.


मीटरगेजवाला, इंदूर

अप्पा, ठोकळा पक्का. फळीवर रूळ आणि स्लीपर पण देतो, मीटरगेजचं इंजिन रुळांच्या मानाने किती रुंद असतं ते रूळ ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही. कर्जाचं पण पाटीवर टाकतो.

तर पहिलं पान या रविवारी टाकतोय : फ्रेम, आठ चाकं, रॉड, ताईंनी सांगितलेल्या सपाट चाकांचं वेगळं पान. दोघा-तिघांनी प्रिंट काढून बनवून बघा आणि कुठे अडतंय ते इथेच लिहा, तोवर बॉयलरचं पान लॉक करत नाही. टेंडरवर "प रे" (पश्चिम रेल्वे) आणि इंजिनाचा नंबर देवनागरीत ठेवतोय. कोणाकडे वायजीच्या टेंडरचा मागून काढलेला फोटो असेल तर द्या, शिडी डावीकडे की उजवीकडे यावर बंटी अडून बसलाय.


कात्रीफेविकॉल, वडोदरा

मी प्रिंट काढते. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १०० मिमीची पट्टी छाप, आणि ठळक लिही की प्रिंट करताना "फिट टू पेज" बंद, शंभर टक्क्यावर. दुकानवाला हमखास फिट करून देतो, पान तीन-चार टक्के आक्रसतं आणि मग तुझी अगरबत्तीची काडी भोकात जात नाही. पट्टीला फूटपट्टी लावून १०० भरली तरच कात्री हातात घ्यायची.


महूचे_अप्पा, महू

टेंडरचे फोटो माझ्याकडे एका जुन्या अल्बममध्ये आहेत, ब्लॅक अँड व्हाइट, नातवाकडून स्कॅन करून उद्या टाकतो. मागून काढलेला एक नक्की आहे, शिडी दिसतेय त्यात.